स्ट्रेचिंग स्टुडिओचं सॉफ्टवेअर: आधी शिल्लक सेशन्सचा हिशेब, मग डेमो

नाशिकच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंचा प्रश्न आहे. गंगापूर रोडला त्या स्ट्रेचिंग आणि मोबिलिटी स्टुडिओ सुरू करतायत. क्लायंटला झोपवून हातापायांना ताण द्यायची तीन टेबलं, दोन थेरपिस्ट (त्यातल्या एक त्या स्वतः) आणि संध्याकाळी सहा ते सात ग्रुप क्लास. जिम चालवणाऱ्या मित्राने तो वापरतो तेच सॉफ्टवेअर सुचवलंय. दोन वर्षांचे पैसे आत्ताच भरले तर निम्म्या किमतीत मिळतंय, ऑफर महिनाअखेरपर्यंत आहे. घ्यावं का?

ताई, दोन वर्षांचे पैसे भरू नका. सॉफ्टवेअर चांगलं असेलही, मित्राला त्याचा उपयोगही होत असेल. पण जिमचा धंदा आणि आपला धंदा बाहेरून सारखा दिसला तरी आतून वेगळा आहे, आणि सॉफ्टवेअर आतल्या गोष्टींसाठी घ्यायचं असतं.

जिम विकते प्रवेश. महिन्याचे पैसे भरले की मेंबर येवो न येवो, सकाळी येवो की रात्री, जिमचं काही अडत नाही. म्हणून जिमच्या सॉफ्टवेअरचा जीव असतो मेंबरशिपची तारीख, रिन्यूअलची आठवण आणि दारावरची हजेरी यांत. आपण विकतो एका माणसाच्या दोन हातांची पन्नास मिनिटं. ती पन्नास मिनिटं गेली की परत विकता येत नाहीत, आणि एका वेळी ती एकालाच मिळतात. त्यात भर म्हणजे आपण ती आगाऊ विकतो, दहा सेशन्सचं पॅकेज करून. आपल्या सॉफ्टवेअरने सगळ्यात आधी एकच गोष्ट चोख करायला हवी: कोणाची किती सेशन्स शिल्लक आहेत आणि ती द्यायला आपल्याकडे किती तास आहेत, हे कुठल्याही दिवशी, कुठल्याही क्षणी सांगणं. बाकी सगळं त्यानंतर.

हे मी पुण्यात कोथरूडला स्टुडिओ चालवताना शिकले, आणि सुरुवातीला मलाही कळत नव्हतं. आकडा मांडून दाखवते. समजा तुमचं दहा सेशन्सचं पॅकेज १२,००० रुपयांना आहे, म्हणजे एक सेशन १,२०० ला. चार महिन्यांनी तुमच्याकडे चाळीस क्लायंट आहेत आणि प्रत्येकाची सरासरी सहा सेशन्स बाकी आहेत. म्हणजे २४० सेशन्स. बँकेत ते पैसे तुमचे दिसतात, पण २ लाख ८८ हजार रुपयांचं काम तुम्ही लोकांचं देणं लागता. दोन थेरपिस्ट, दिवसाला प्रत्येकी सहा सेशन्स, म्हणजे बारा. २४० भागिले १२ म्हणजे २० दिवस. आज एकही नवं पॅकेज विकलं नाही तरी वीस कामाचे दिवस तुम्ही आधीच विकून बसलात. त्याच पैशांतून चौथं टेबल घेतलं आणि पुढच्या महिन्यात दुसरी थेरपिस्ट सोडून गेली, तर ते वीस दिवस तुमच्या एकटीच्या अंगावर चाळीस होऊन येतात.

डेमो देणारा मुलगा तुम्हाला रंगीत डॅशबोर्ड दाखवेल, या महिन्याची विक्री किती, गेल्या महिन्यापेक्षा किती वाढली. त्याला तिथेच थांबवा आणि विचारा, आज रात्री माझी एकूण किती सेशन्स देणं बाकी आहेत, त्यांची किंमत किती, आणि त्यातली किती पुढच्या तीस दिवसांत संपणार आहेत? हा रिपोर्ट एका क्लिकवर निघाला तर पुढे बोला. "तो आपण एक्सेलमध्ये काढून घेऊ शकता" असं उत्तर आलं तर समजा, ते सॉफ्टवेअर आपल्यासारख्यांसाठी लिहिलेलं नाही.

पॅकेजच्या बाबतीत आपल्याकडच्या सवयी सॉफ्टवेअरला माहीत असायला हव्यात. नवरा-बायको एकच पॅकेज वाटून घेतात, हे रोजचं आहे. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी घेतलेल्या पॅकेजमधली तीन सेशन्स सून वापरते. कोणी मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने अमेरिकेला जातं आणि पॅकेज थांबवून ठेवा म्हणतं. कोणी वैयक्तिक सेशन्स घेता घेता एखाद्या दिवशी ग्रुप क्लासला बसतं आणि "यातलंच एक कापा" म्हणतं. यातल्या कशाला हो म्हणायचं, कशाला नाही, हे आधी तुम्ही ठरवायचं. मुदत किती, थांबवता येतं का, किती दिवस, कुटुंबात चालतं का, एका वैयक्तिक सेशनच्या बदल्यात किती क्लास. एका कागदावर हे लिहून काढा. डेमोला तो कागद घेऊन बसा आणि एकेक नियम त्यांच्याकडून करून घ्या. तोंडी "होतं ना मॅडम" यावर जाऊ नका, पडद्यावर करून दाखवायला लावा.

थांबवण्याच्या सोयीचं महत्त्व मला मार्च २०२० मध्ये समजलं. लॉकडाऊन लागलं, आणि व्यायामाच्या जागा महाराष्ट्रात उघडल्या थेट दसऱ्याला. मधल्या सात महिन्यांत आमच्या सगळ्या क्लायंटच्या पॅकेजची मुदत सॉफ्टवेअरमध्ये संपून गेली होती. सगळ्यांची मुदत एकदम पुढे ढकलायची सोयच त्यात नव्हती. प्रत्येकाचं खातं उघडायचं, तारीख बदलायची, सेव्ह करायचं. माझी रिसेप्शनिस्ट आणि मी चार दिवस तेच करत होतो. तेव्हापासून मी कुठल्याही डेमोला हा प्रश्न विचारते: उद्या माझा स्टुडिओ आठ दिवस बंद ठेवावा लागला, तर सगळ्यांची मुदत एकत्र आठ दिवसांनी वाढते का?

आता वेळेचं गणित. तुमच्याकडे तीन टेबलं आहेत, पण एका वेळी सेशन्स दोनच होऊ शकतात, कारण थेरपिस्ट दोन. आणि सहा ते सातमध्ये एकच, कारण दुसरी क्लास घेतेय. सॉफ्टवेअरला हे तिन्ही एकत्र कळायला हवं: माणूस, टेबल आणि वेळ. जिमसाठी बनवलेल्या पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये क्लासचं वेळापत्रक एकीकडे आणि अपॉइंटमेंटचं कॅलेंडर दुसरीकडे असतं, आणि दोघांची ओळख नसते. परिणाम असा की थेरपिस्ट सहा वाजता क्लासपुढे उभी आहे आणि त्याच वेळी बाहेर तिच्या नावाचा माणूस पिशवी घेऊन बसलाय. म्हणून ट्रायलमध्ये हे स्वतः करून बघा. एका थेरपिस्टच्या नावावर सहाचा क्लास लावा. मग क्लायंट म्हणून मोबाइलवरून लॉगिन करून तिचीच साडेपाचची पन्नास मिनिटांची वेळ मागा. ती वेळ दिसता कामा नये. साडेपाच काय, पाच वाजून पाच मिनिटांचीही दिसता कामा नये, कारण सेशननंतर चादर बदलायला, बेल्ट पुसायला आणि दोन ओळी नोंद लिहायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं क्लायंटला न दिसता कॅलेंडरमध्ये आपोआप धरली गेली पाहिजेत.

याला जोडूनच एक गोष्ट, जी परदेशी सॉफ्टवेअरवाल्यांच्या पटकन लक्षात येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच स्त्रियांना थेरपिस्ट स्त्रीच हवी असते, आणि त्या ते दर वेळी बोलून दाखवतीलच असं नाही. ऑनलाइन बुकिंगमध्ये "कोणीही चालेल" असा पर्याय आपोआप निवडला जात असेल, तर एखाद्या काकू येतील, समोर पुरुष थेरपिस्ट बघतील, पाठ दुखतेय म्हणून काहीतरी सांगून परत जातील आणि पुन्हा येणार नाहीत. क्लायंटच्या खात्यात ही पसंती एकदा नोंदवली की सॉफ्टवेअरने ती कायम पाळायला हवी. उद्या तुम्ही पुरुष थेरपिस्ट घेतलात तर याची गरज पहिल्याच आठवड्यात लागेल.

नोंदींबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे पैशाचा नाही, शरीराचा प्रश्न आहे.

आमच्याकडे एक आजी यायच्या, उजव्या खुब्याचं सांधेबदल झालेल्या. त्यांची नेहमीची थेरपिस्ट एके दिवशी रजेवर होती. दुसरीने त्यांना टेबलावर घेतलं, दोन मिनिटं बोलली आणि उजवा गुडघा छातीकडे न्यायला हात लावला. आजी म्हणाल्या, "अगं, त्या पायाला डॉक्टरांनी एवढं वाकवायचं नाही सांगितलंय." हात तिथेच थांबला. बदललेला खुबा ९० अंशांच्या पुढे वाकवणं किंवा पाय आत वळवून ओढणं, यात सांधा निसटण्याचा धोका असतो. आपण फिजिओ आहोत, आपल्याला हे पाठ असतं. पण कोणता खुबा, कधीची शस्त्रक्रिया, सर्जनने काय सांगितलंय, हे सगळं रजेवरच्या मुलीच्या डायरीत होतं आणि डायरी तिच्या घरी. आजी बोलल्या म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून माझी अट एकच आहे. थेरपिस्टने दिवसाचं कॅलेंडर उघडलं की नावाशेजारीच लाल अक्षरांत ती ओळ दिसली पाहिजे: उजवा खुबा बदललेला. ठिसूळ हाडं. सातवा महिना. रक्त पातळ करायच्या गोळ्या. सांधे मुळातच सैल, शेवटच्या टोकापर्यंत ताणायचं नाही. तीन क्लिक करून आत गेल्यावर दिसणारी नोंद कामाची नाही, कारण घाईच्या वेळी आत कोणी जात नाही. डेमोत "क्लायंट नोट्स आहेत" एवढं ऐकून समाधान मानू नका. ती नोट कुठल्या पडद्यावर दिसते, ते बघा. आणि रिसेप्शनला किती दिसावं, थेरपिस्टला किती, हे वेगळं ठरवता येतं का तेही बघा. गरोदरपणाची किंवा शस्त्रक्रियेची माहिती फोन उचलणाऱ्या प्रत्येकाने वाचायचं कारण नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होतेय. संमतीचा फॉर्म आत्तापासूनच ठेवा, आणि मराठीत ठेवा. साठीच्या माणसाने इंग्रजी फॉर्मवर न वाचता केलेली सही मी संमती मानत नाही.

मोजमापांचं म्हणाल तर फॅन्सी काही नको. सरळ पाय उचलल्यावर किती अंश, खांदा वर किती जातो, भिंतीला गुडघा टेकवताना पायाचा अंगठा किती सेंटिमीटर मागे. चार-पाच आकडे, तारखेसह, आणि त्यांचा साधा आलेख. क्लायंटला सहाव्या सेशनला ६० चे ७२ अंश झालेले दाखवले की पुढचं पॅकेज विकायला बोलावं लागत नाही. हे आकडे टाकायची जागा सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर गुगल शीटमध्ये ठेवा, तेवढ्यासाठी महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका.

आता पैशांच्या बाजूला येऊ. परदेशी सॉफ्टवेअरची नावं तुम्ही ऐकली असतील, माइंडबॉडी हे त्यातलं जुनं. अमेरिकेत स्ट्रेचलॅबसारख्या साखळ्यांनी २५ आणि ५० मिनिटांची सेशन्स आणि महिन्याची मेंबरशिप ही पद्धत रुळवली, आणि तिकडची सॉफ्टवेअर त्या पद्धतीला चपखल बसतात. क्लायंटचं कार्ड नोंदवून ठेवायचं, महिन्याला आपोआप पैसे घ्यायचे, आला नाही तर दंडही त्याच कार्डातून. आपल्याकडे हे तसंच्या तसं चालत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आवर्ती पैसे कापायला ग्राहकाची नोंदवलेली परवानगी लागते, कापण्याआधी २४ तास सूचना जावी लागते, आणि जून २०२२ पासून आपल्यासारख्या सेवांना १५,००० रुपयांपर्यंतच दर वेळच्या ओटीपीशिवाय कापता येतात. दुकानदाराला कार्डाचा नंबर स्वतःकडे साठवता येत नाही. म्हणून महिन्याची मेंबरशिप ठेवणार असाल तर यूपीआय ऑटोपे चालतं का, एवढंच विचारा. आणि न आलेल्याचा दंड कार्डातून कापायच्या कल्पनेऐवजी पॅकेजमधलं सेशन कापा. ते सॉफ्टवेअरमध्ये एका बटणावर व्हावं, आणि तुमच्या मनात आलं तर तेवढ्याच सहज परतही देता यावं. वडील आजारी पडले म्हणून न आलेल्या माणसाचं सेशन कापणारा स्टुडिओ मला चालवायचा नाही.

जीएसटीचा मुद्दा तुमच्या सीएंशी बोलून घ्या, पण त्यांच्याकडे जाताना हे डोक्यात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम, योगवर्ग, सलून अशा शारीरिक स्वास्थ्याच्या सेवांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण सोबत इनपुट टॅक्स क्रेडिट गेलं. म्हणजे नोंदणी झाल्यावर सॉफ्टवेअरवर भरलेला १८ टक्के जीएसटी तुम्हाला वळता करून घेता येणार नाही, तो खर्चच. महिना ३,००० चं सॉफ्टवेअर तुम्हाला ३,५४० ला पडतं. डॉलरमध्ये घेतलंत तर रिव्हर्स चार्जने तेच १८ टक्के तुम्हीच भरायचे, वर कार्डाचा परकीय चलनाचा आकार. दोन कोटेशन शेजारी ठेवताना सगळं धरून ठेवा.

तुम्ही स्वतः फिजिओ आहात, त्यामुळे आणखी एक पेच आहे. उपचार म्हणून केलेली फिजिओथेरपी आरोग्यसेवा म्हणून करमुक्त, पण धडधाकट माणसाचं स्ट्रेचिंग करपात्र. दोन्ही एकाच टेबलावर, एकाच थेरपिस्टकडून होणार. तेव्हा सेवेप्रमाणे वेगळा कर लावता येणारं बिल हवंच. आणि सेवांसाठीची २० लाखांची नोंदणीची मर्यादा मोजताना करमुक्त उपचारांची उलाढालही धरली जाते, हे विसरू नका. पॅकेजचे आगाऊ पैसे घेतले की सेशन द्यायच्या आधीच करही देय होतो. सॉफ्टवेअरमध्ये पैसे मिळाल्याची तारीख आणि सेशन दिल्याची तारीख अशा दोन्ही नोंदी स्वतंत्र असतील तर सीएंचं निम्मं काम हलकं होतं.

थेरपिस्टचा मोबदला दिलेल्या सेशन्सवर ठेवा, विकलेल्या पॅकेजवर नाही, आणि सॉफ्टवेअरला तसा हिशेब करता यावा. विक्रीवर कमिशन दिलं की हात कामापेक्षा विक्रीकडे वळतात, हे मी माझ्याच चांगल्या मुलींच्या बाबतीत पाहिलंय.

आठवणीचे मेसेज व्हॉट्सॲपवरच जायला हवेत, एसएमएस आपल्याकडे कोणी वाचत नाही. फक्त विचारून घ्या की मेसेज तुमच्या नंबरवरून जातो की कंपनीच्या, आणि प्रत्येक मेसेजचे किती लावतात. जुलै २०२५ पासून व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेत टेम्प्लेट मेसेजला (म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या मजकुराच्या मेसेजला) नगानुसार पैसे पडतात, आठवणीच्या मेसेजला कमी, जाहिरातीला जास्त. काही कंपन्या त्यावर स्वतःचा भाव चढवतात. रोजची दहा-बारा सेशन्स असतील तर सुरुवातीला रिसेप्शनवरून साध्या बिझनेस ॲपने हाताने पाठवलेलं मराठी वाक्य पुरतं: "काकू, उद्या सकाळी साडेनऊला येताय ना?" त्याला जेवढी उत्तरं येतात तेवढी कुठल्याही बटणाला येत नाहीत.

आता दोन वर्षांच्या ऑफरला मी एवढी का घाबरते, ते. आम्ही वापरत होतो ते एक सॉफ्टवेअर कंपनीने बंद करायचं ठरवलं. महिनाभराची मुदत दिली, उरलेले पैसे परत दिले नाहीत. डेटा दिला, पण पीडीएफमध्ये. प्रत्येक क्लायंटची दोन-तीन पानं, त्यात कुठेतरी शिल्लक सेशन्सचा आकडा. रिसेप्शनिस्ट वाचत होती, मी टाइप करत होते, दोन रात्री. तिसऱ्या आठवड्यात एक काका म्हणाले, "माझी दोन राहिलीत," आमच्या यादीत शून्य. आम्ही दोन दिली. त्यांचंच बरोबर असणार, असं मला आजही वाटतं. तेव्हा ट्रायलच्या पहिल्याच दिवशी पाच खोटे क्लायंट टाका आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून बघा. नाव, मोबाइल, पॅकेज, शिल्लक, मुदत, पुढच्या अपॉइंटमेंट. हे सहा रकाने तुमचे तुम्हाला, कोणाला फोन न करता काढता आले पाहिजेत. नंतर दर सोमवारी सकाळी ती फाइल काढून स्वतःकडे ठेवत जा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पहिले दोन महिने सॉफ्टवेअर घेऊच नका. गुगल कॅलेंडरमध्ये तीन रंग, दोन थेरपिस्टचे दोन आणि क्लासचा एक. एका शीटमध्ये ते सहा रकाने आणि सातवा लाल अक्षरांचा. चाळीस क्लायंटपर्यंत हे सहज चालतं, आणि या दोन महिन्यांत तुमचे नियम कागदावरून व्यवहारात उतरतात. लोक खरंच पॅकेज वाटून घेतात का, पंचवीस मिनिटांचं सेशन कोणाला हवंय का, सकाळची वेळ भरते की दुपारची, हे कळतं. मग दोन-तीन सॉफ्टवेअरच्या ट्रायल घ्या. सलून आणि क्लिनिकसाठी बनवलेलीही बघा, माणूस-खुर्ची-वेळ हे गणित त्यांना आधीपासून येतं, आणि माझ्या अनुभवात ती आपल्याला जिमच्या सॉफ्टवेअरपेक्षा जवळची पडतात. पैसे महिन्याचे भरा. महिन्याचा दर वार्षिकपेक्षा जास्त पडला तरी भरा.

मित्राला मात्र एक विचारा, कारण तो ते रोज वापरतोय: त्याच्या जिममध्ये पर्सनल ट्रेनिंगची पॅकेजेस असतील, ती तो कुठे लिहितो? सॉफ्टवेअरमध्ये लिहीत असेल तर एकदा त्याच्याकडे जाऊन शेजारी बसून बघा. वहीत लिहीत असेल, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत आहे.